मंगळावर जाणाऱ्यांची यादी

मंगळावर जायला तयार असलेल्यांच्या यादीत मी सासूबाईंचं नाव लिहून आले, हा माझा तरुणपणीचा सगळ्यात मोठा बावळटपणा. तेव्हा मी स्वतःला फार विनोदी समजत असे.

नारायणगुड्यात नव्या एसटीडी बूथशेजारी दर रविवारी सायन्सचे एक निवृत्त मास्तर टेबल मांडून बसत. टेबलावर तांबडा रंगवलेला चेंडू आणि सरकारला पाठवायचा अर्ज, की मंगळावर माणूस पाठवा, आम्ही जायला तयार आहोत. लोक हसून पुढे जात. चुकून कुणी नाव-पत्ता लिहिलाच, तर मास्तर वाकून शाईवर हळूच फुंकर घालत, जणू पोराच्या डोळ्यातलं कुसळच काढतायत.

मी नाव लिहिलं त्याच्या पुढच्या रविवारी ते टेबल आवरून, काखेत चेंडू घेऊन आमच्या बरकतपुऱ्यातल्या दारात हजर! मला म्हणाले, "सब के घर जाके पूछतूं. एक नाम झूठा निकला तो पूरा कागज फाडके फिर से लिखतूं." कागद दोन्ही बाजूंनी भरला होता.

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. मास्तरांनी अदबीनं विचारलं, "अम्मा, मंगल पे जाते क्या आप? वापस आने का भरोसा नै."

सासूबाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चेंडूकडे.

"हौ, जातूं."

मास्तर खुशीत निघून गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "चाळीस वर्षांत मला कुठं जायचंय का, असं विचारणारा हा पहिलाच माणूस. आता तुझंही नाव घालून ये, तिथं पोळ्या कोण लाटणार?"