गाडीचं दावं

मी बी.कॉम. होईपर्यंत आमच्या दारात चाकं असलेली एकच वस्तू उभी राहायची. ऊस ओढायची टायरगाडी. तीही कारखान्याची. बैल तेवढे आमचे आणि बैलांमागं बसलेले आबा आमचे. हंगाम संपला की गाडी कारखान्याला परत जायची आणि आम्ही पुन्हा पायांवर यायचो. आई लोकांच्या रानात तंबाखू खुडायला चालत जायची. मी कागलला कॉलेजला चालत जायचो. घराण्यातला पहिला पदवीधर मीच. (हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो.)

पुढं मी पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात चिकटलो, बैल गेले, आबांकडं दोन म्हशी राहिल्या आणि इतकी वर्षं चाललेल्या आईचा गुडघा एक दिवस संपावर गेला. डॉक्टरांनी दर गुरुवारी कोल्हापूरला व्यायामासाठी यायला सांगितलं. म्हणजे वडापची, माणसं कोंबून नेणारी जीप. तिचा पाठीमागचा पाय ठेवायचा दांडा आईच्या गुडघ्यापेक्षा उंच. खालून मी ढकलायचो, वरून अनोळखी पावणं ओढायचं. परत आल्यावर गुडघा जास्त दुखायचा.

मी ठरवलं, गाडी घ्यायची. जुनी का असेना. बँकेनं कर्ज दिलं. गाडी मिळाली सीमेपलीकडं, चिकोडीच्या बाजूला, शिवगोंडाण्णा नावाच्या शेतकऱ्याकडं. मी मोबाईलवर सगळा अभ्यास करून गेलतो. मॉडेल कुठलं, भाव काय, सगळं. आबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बॉनेटवर थाप मारली, टायर बैलाचे दात बघावेत तसे तपासले आणि खांद्यावरचा टॉवेल शिवगोंडाण्णाच्या हातावर टाकला. टॉवेलाखाली दोघांची बोटं काय बोलली देव जाणे. जनावरांच्या बाजारात असाच सौदा होतो. मी तोंड उघडेपर्यंत दोघं चहा प्यायला लागले होते!

गाडी दारात आली. आईनं पाणी ओवाळून टाकलं, हळदीकुंकू लावलं. मी दार उघडून धरलं.

"बस."

"कुणाच्या नावावर हाय?"

"अजून शिवगोंडाण्णाच्या. होईल की आपल्या नावावर."

"हुईल तवा बसंन," म्हणाली आणि घरात गेली.

हे कुठून आलं ते मला ठाऊक होतं. मी लहान असताना एका लग्नाला जाताना ती एका पाहुण्याच्या जीपमध्ये बसली होती. वाटेत वऱ्हाड वाढलं आणि मालकानं पहिलं खाली उतरवलं ते तिला. ती लग्नाला चालत पोचली. पंगतीत जेवली, हसली, कुणाला काही बोलली नाही. पण तेव्हापासून गाडीच्या बाबतीत तिचा कायदा आरटीओपेक्षा कडक आहे.

म्हणजे दारात चारचाकी, आणि दर गुरुवारी आई वडापला. मी खालून ढकलतोय. माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, त्यांचा टेम्पो आहे. ते रस्त्यात दिसले की थांबायचे. "काय साहेब, गाडी शोभंला घेतली व्हय? माझा एजंट हाय की. कर्नाटक पासिंगचं एमएच झिरो नाईन करून देतोय, झोपंतनं उठायच्या आत."

मी म्हणालो, "दाजी, मी पदवीधर आहे. एजंट लावणार नाही."

"मग आत्तींचा गुडघा पदवीला बांध," म्हणाले आणि गेले. (आत्ती म्हणजे त्यांच्या सासूबाई, माझी आई.)

मी पेटलो. कर्नाटकातून ना हरकत दाखला आणायचा, बँकेचं पत्र, विम्याचं पत्र, आणि चेसिसवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासून त्याचा ठसा काढायचा. या ठशासाठी मी गाडीखाली इतक्या वेळा गेलो की म्हशी मला आपल्यातला समजायला लागल्या. चिकोडीच्या फेऱ्या झाल्या. तिथला फॉर्म कन्नडमध्ये. मी एका ठिकाणी सही केली, ती वाहन विकणाऱ्याच्या जागी झाली. (म्हणजे काही दिवस मी अजून माझी न झालेली गाडी विकत होतो.) पण दाखला आणला. कर भरला. कोल्हापूरच्या आरटीओत तपासणीची वेळ मिळवली. दाखल्याची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. ती वेळ चुकली तर चिकोडीपासून पुन्हा सुरुवात, आणि आई आख्खा पावसाळा वडापला.

म्हणून मी घरात सगळ्यांना बसवून भाषण दिलं. गाडी झाकून ठेवा, तोपर्यंत कुणी हलवायची नाही. आणि शेवटी आवाज चढवून म्हणालो, "जुन्या मालकाचा आता या गाडीशी काडीचा संबंध राहता कामा नये!"

आबांनी मान डोलावली. आबा माझं इतकं कधीच ऐकत नाहीत. तिथंच मला शंका यायला हवी होती.

दोन-तीन दिवसांनी कामावर जाताना आबांनी माझ्या हातात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. निपाणीकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला द्यायचं, शिवगोंडाण्णा स्टँडवर घ्यायला येणार. मला वाटलं, गूळ असेल. जरा चपटा आहे एवढंच. दिला.

तपासणीच्या सकाळी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीवरची ताडपत्री ओढली. गाडीला पुढं नंबरपाटी नव्हती. मागं गेलो. मागंही नव्हती. जिथं पाटी असायची तिथं छिन्नीचे ओरखडे होते आणि वर हळदीकुंकू.

"आबा, पाट्या कुठायत?"

"शिवगोंडाला धाडल्या की."

"का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. पदवी देताना विद्यापीठ काहीतरी द्यायला विसरलंय अशा नजरेनं. "जनावर इकलं की त्याचं दावं जुन्या मालकानं ठेवायचं असतंय. दाव्याबिगर दिलेलं जनावर त्याच्या घरची लक्ष्मी न्हेत न्हाय. तूच म्हनलास की काडीचा संबंध नगो. गाडीला दुसरं कुठलं दावं असतंय? नंबर त्याचा, गाव त्याचं, समदं त्या पाटीवरच."

"मला विचारायचं तरी."

"इचारायचं काय? तूच तर पोचवून आलास."

मी पायरीवर बसलो. आईनं दारातून बघितलं आणि वडापचे सुटे पैसे पदराला बांधायला घेतले. तो गुरुवार होता. त्या गाठीनं मला उठवलं. मी शिवगोंडाण्णाला फोन लावला.

"तम्मा, तुझा बाप देवमाणूस," तिकडून आवाज. "आजकाल कोण दावं परत देतंय? गोठ्यात टांगलंय. आमची थोरली भैन, अक्का, रोज फूल ठेवती."

मी आरटीओचं सांगितलं. तो घरात विचारून आला. "इल्ला, न्हाई. अक्का म्हणती, एकदा दावं घरात आलं की बाहेर जात न्हाई."

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. थोडा वेळ दोघं माझ्यासमोर असे बोलले जणू मी म्हशीचं रेडकू आहे. मग आबा उठले, डिकी उघडली आणि तळाशी पडलेला जाडजूड दोर बाहेर काढला. गाडी बंद पडली तर ओढायचा. शिवगोंडाण्णाच्याच वेळचा.

"ह्ये खरं दावं," आबा म्हणाले. "ह्ये त्येंस्नी दे आणि पाट्या आण."

दोराकडं बघून मला एक गोष्ट कळायला हवी होती. तो मधोमध झिजून केसाळ झाला होता. म्हणजे गाडी किती वेळा ओढली गेली होती! पण मी घाईत होतो.

शेजाऱ्याच्या मोटरसायकलवरून चिकोडी. अक्कांनी दोर हातात घेतला, ओढून बघितला, पसंत पडला. गोठ्यात खिळ्याला टांगला आणि पाट्या उतरवून दिल्या. फूल मात्र ठेवून घेतलं. मी उलट पावली परत आलो. पाट्यांचे कुलूपखिळे तुटलेले, म्हणून आबांनी त्या म्हशीच्या गोठ्यातल्या तारेनं बांधल्या. आबा आणि मी बसलो. निघालो.

हमरस्त्याला लागल्यावर थोड्या वेळानं गाडीनं एक उसासा टाकला आणि उभी राहिली. मी बॉनेट उघडलं. आत सगळं जागेवर दिसत होतं. (आत काय असतं हे मला ठाऊक नाही, त्यामुळं ते जागेवरच दिसतं.) चावी फिरवली. घरघर, आणि शांतता. घड्याळात तपासणीची वेळ जवळ येत होती. शेवटी मी जे कधी करायचं नाही म्हणून ठरवलं होतं ते केलं. दाजींना फोन केला.

दाजी टेम्पो घेऊन आले. चेहऱ्यावर दिवाळी. "दोर काढ," म्हणाले.

"दोर चिकोडीला गेलाय."

"कशाला?"

"लक्ष्मी राखायला," आबा म्हणाले.

दाजींनी त्यावर काही विचारलं नाही. आमच्या घरात जावई होऊन त्यांना बरीच वर्षं झालीत. आबांनी डोक्याचा पटका उतरवला. पांढरा, लांबलचक. दुहेरी पीळ देऊन, पीळ पुन्हा दुमडून त्यांनी एक टोक टेम्पोला आणि दुसरं आमच्या गाडीला असं बांधलं, जणू नांगराला बैल. आणि आयुष्यात पहिल्यांदा उघड्या डोक्यानं माझ्या शेजारी बसले. हमरस्त्यावरची माणसं वाहनं हळू करून बघत होती. एकानं फोटो काढला. मी इस्त्रीच्या शर्टात, ताठ, स्टेअरिंग धरून.

चढावर दाजी थांबले. खाली उतरून माझ्या खिडकीत वाकले. "साहेब, एक इचारू? पेट्रोल घातलंस का न्हाई?"

मी काट्याकडं बघितलं. काटा पार खाली, आडवा होऊन झोपलेला. मुदत, दाखला, कर, ठसा, सगळं लक्षात होतं. गाडी पेट्रोलवर चालते हे राहिलं.

"पदवीत न्हवतं," दाजी म्हणाले आणि पटक्यानं आम्हाला पंपावर नेलं.

आरटीओच्या फाटकातून आम्ही आत शिरलो तेव्हा तपासणीचे साहेब उठायच्या बेतात होते. त्यांनी चेसिसचा नंबर जुळवला, दिवे लावून बघितले, मग पाट्यांच्या तारेपाशी थांबले. "हे काय?"

मी इंग्रजी शब्द जुळवत होतो. आबा पुढं झाले आणि त्यांनी बाजारापासून गोठ्यातल्या फुलापर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. हसले नाहीत. म्हणाले, "आबा, नवीन दावं बांधल्याबिगर जुनं सोडायचं असतंय व्हय? जनावर बोंबलत फिरंल की." आबांनी मान खाली घातली. त्यांना एवढ्या वर्षांत कुणी इतकं रीतसर समजावून सांगितलं नव्हतं. साहेबांनी कागदावर सही केली.

काही आठवड्यांनी गाडीच्या नोंदणीचं नवं पुस्तक टपालानं आलं. आता पुस्तक म्हणजे कार्डच असतं. आई म्हणाली, वाच. मी उभं राहून वाचलं. नंबर एमएच झिरो नाईन. मालक म्हणून माझं नाव, बापाचं नाव, गाव. आईनं डोळे पुसले. "आणि खाली काय लिवलंय?"

"बँकेचं नाव. कर्ज फिटेपर्यंत राहतं."

"म्हंजे दावं बँकंच्या हातात हाय."

आबांनी आढ्याकडं बघितलं. मी पदवीधराच्या बारकाईनं कार्डाची मागची बाजू वाचली. आईनं थोडा विचार केला, काठी घेतली, अंगणात गेली आणि मागचं दार स्वतः उघडून बसली.

"पुढं बस की, आई."

"नगो. पुढं बँकंला बसू दे."

तर गाडी माझ्या नावावर झाली. कोल्हापूरच्या नंबरानं झाली आणि एजंटाशिवाय झाली. आई त्यानंतर वडापला चढली नाही. दर गुरुवारी मी तिला कोल्हापूरला नेतो, पुढची सीट बँकेसाठी रिकामी असते, डिकीत नवा दोर असतो, आणि निघायच्या आधी घराण्यातला पहिला पदवीधर दाजींना फोन करून विचारतो, "दाजी, काटा अर्ध्यावर आहे, जाऊ का?"