काचेची तीन कपाटं

कॉम्प्युटरवरच्या त्या खेळात डोंगराच्या पोटात बुटक्या माणसांची वस्ती वसवायची असते. दगड फोडा, शेतं लावा, खोल्या खणा; हुकूम आपण द्यायचे. माझ्या बुटक्यांना मी घरच्यांची नावं दिली होती. आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, बोटं चपळ, म्हणून तिच्या नावाची बाई कारागीर झाली. वडिलांच्या नावाच्या माणसाला दगड वाहायला लावायचं मात्र मनाला पटेना. म्हणून अप्पांना सरदार केलं. इथंच मी शेण खाल्लं.

वस्ती वाढली की सरदार शेफारतो. आधी त्याला मोठी खोली हवी झाली, मग चांदीची खुर्ची. मी मुकाट्यानं पुरवत गेले. मागच्या रविवारी दुपारी जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी खेळत बसले होते, खरे अप्पा शेजारी बसून बघत होते आणि सरदाराचा नवा हुकूम आला. महिनाअखेर काचेची तीन कपाटं पाहिजेत. काचेला वाळू लागते, आणि आमच्या डोंगरात वाळूचा कण नव्हता.

"न्हाय झालं तर?" अप्पांनी विचारलं.

"कारागिराला शिक्षा. हातोड्याचे घाव. बहुतेक मरतातच."

"कारागीर म्हंजे तुझी आई की."

"हो."

खेळातले चार दिवस उरले होते, म्हणजे आपली जेमतेम पाच मिनिटं. शिपाई हातोडा घेऊन आईच्या कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. खेळच आहे, हे कळत होतं, तरी मला पुढं बघवेना. मी खेळ थांबवला.

"एक उपाय आहे," मी म्हणाले. "हट्टी सरदाराचं सगळेच असं करतात. त्याच्या खोलीचं दार बाहेरून लावायचं आणि वरच्या हौदाचं पाणी आत सोडायचं."

अप्पांनी मागं वळून बघितलं. स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत होती, तेवढाच आवाज येत होता.

"मग सोड की," ते म्हणाले.

मला बटण दाबवेना. आणि खरं सांगायचं तर रागही उफाळून आला.

"घरीही तुम्ही असंच करायचा, अप्पा. भाकरी गार झाली म्हणून ताट भिरकावायचा. तिला ताप असला तरी." हे मी जन्मात पहिल्यांदा बोलले.

"ठाव हाय मला. कुटलं बटण?"

मी दाखवलं. त्यांनी ते दाबलं. दार लागलं, पाणी चढायला लागलं. सरदाराच्या गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा त्याचा आणखी एक हुकूम आला. चौथं कपाट पाहिजे.

"बुडतोय तरी मागतोय बघ," अप्पा म्हणाले. हसले नाहीत.

थोड्या वेळानं हुकूम पुसला गेला आणि शिपाई माघारी फिरला. आईच्या नावाची बाई खाली मान घालून काम करत राहिली. काय टळलं, ते तिला कळलंही नाही.

अप्पांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या आईला सांगू नगंस."

"का? सांगितलं तर काय होईल?"

"रडंल ती," ते म्हणाले. "सरदारासाठी."