यंत्राचा कान

आईवडिलांनंतर माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शेषरावमामांचं नाव सांगतो. नात्यानं ते माझे कुणी नव्हते. चितेगावच्या कारखान्यात ते जुने वेल्डर आणि मी खुलताबादच्या शाळेतून आलेला, आमच्या घरातला पहिला इंजिनिअर. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, "पप्पा गेले." तेव्हा माझ्यासमोर रोबोटचा हात चालू होता.

कारखान्यात रोबोट नवा आला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो अचानक वळला आणि एकाच्या हातातली पट्टी उडाली. मग त्याच्याजवळ कुणी जाईना. साहेबांनी मला सांगितलं, माणसं रोबोटजवळ उभी राहिली तरच तू नोकरीत कायम. मी मामांना सुरक्षेचे नियम समजावत बसलो. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. सगळं ऐकून म्हणाले, "इंजिनिअर, आमची घोडी लाथ मारायच्या आधी कान मागं टाकायची. ह्याला कानच नाय. कळावं कसं, कुठं चाललाय?"

त्या एका प्रश्नावर मी दोन महिने काम केलं. एक खास चष्मा तयार झाला. तो लावला की रोबोटच्या पुढं हवेत पिवळी सावली दिसायची. हात जिथं जाणार तिथं ती दोन सेकंद आधी पोचायची. मामांनी चष्मा लावला, रोबोटभोवतीच्या जाळीबाहेरूनच सावली कुठवर येते ते बघितलं, मग मशीन थांबवून फरशीवर खडूनं रेघ मारली. पुन्हा चालू केल्यावर हात रेघेच्या वीतभर पुढं आला. माझा चेहरा उतरला. "कान आलाय, पण वीतभर खोटं बोलतोय," ते हळूच म्हणाले. साहेबांपाशी मात्र अवाक्षर काढलं नाही. "नीट कर. मी थांबतो."

आठ दिवसांनी सगळ्यांसमोर मामा पहिले आत गेले. सावली त्यांच्या खांद्याजवळून गेली, तिच्यामागून रोबोटचा हात गेला. त्यांनी निवांत भाग बसवला आणि बाहेर येऊन चहा मागितला. नंतर एकेक जण जाऊ लागला. मी कायम झालो. तिथं अजूनही नव्या माणसाला विचारतात, "कान दिसतोय का?"

पुढं माझी बदली झाली, तेव्हा मी मामांना पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. परवा भेटायला गेलो, तर मामींनी त्यांच्या नेहमीच्या चष्म्याचा डबा उघडला. घड्या झिजलेलं माझं पत्र त्यात होतं. मामी म्हणाल्या, "पोरानं वाचून दाखवलं, तर लई हसले. म्हणले, मला तवाच दिसलं होतं. म्हणून तर आत गेलो."

ते पत्र असं :

"ती. मामांस सा. न.
तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही आत होता तेवढा वेळ माझा हात मशीन बंद करायच्या लाल बटणावर होता. सगळ्यांना भरवसा ठेवा म्हणत होतो आणि माझाच बसला नव्हता. काल इथं चष्मा लावून मी स्वतः आत उभा राहिलो. बाहेर बटणापाशी कोण आहे, ते आधी बघून घेतलं.
तुमचा,
इंजिनिअर"