सहा तासांची नोंद

"आधी सोडायचं, मग धरायचं," असं म्हणत आमचे एक सहकारी बोटाएवढा वायफाय अडॅप्टर लॅपटॉपला लावायचे आणि लगेच खुर्चीवरून उठायचे. स्टुटगार्टच्या आमच्या ऑफिसात ते माझ्या शेजारी बसत. म्हणजे खुर्ची शेजारी होती, ते फेऱ्याच मारत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

त्यांच्या लॅपटॉपच्या पोटात दुसरा संगणक चाले, नुसत्या सॉफ्टवेअरचा. चाचणीच्या यंत्राशी बोलायला त्याला हा अडॅप्टर लागे. "बाहेरच्यानं सोडल्याशिवाय आतल्याला मिळत नाही. जावयासारखा नाही हो, हा एका वेळी एकाच घरी जेवतो."

त्या दिवशी ग्राहकासमोर सलग सहा तासांची नोंद दाखवायची होती. ती झाली तर त्यांचं नोकरीचं कंत्राट दोन वर्षं वाढणार होतं; त्यांच्या मुलीची शाळा संपायलाही दोनच वर्षं होती. साडेनऊला सुरुवात झाली. दोन वाजेपर्यंत त्यांनी कॉफी चार वेळा ओतून घेतली, प्यायली एकदाच.

"जेवून या," मी म्हणालो. "मी बसतो इथे."

"फक्त बघा. काही करू नका."

अडॅप्टर टेबलाच्या कडेला बाहेर आलेला होता. कुणाचं कोपर लागेल म्हणून मी तो काढून पलीकडच्या, माझ्या खुर्चीकडच्या बाजूला लावला. माउस काढून लावतो तसा. दोन सेकंद लागले असतील. तेवढ्यात बाहेरच्या संगणकानं, म्हणजे लॅपटॉपनंच, तो धरला आणि आतली नोंद तुटली. चार तास चाळीस मिनिटं झाली होती.

साडेचारला ग्राहक निघून गेले. "सैल बसला होता. माझ्याकडूनच राहिलं," ते साहेबांना म्हणाले. मी तिथेच उभा होतो.

कंत्राट वाढलं नाही. शेवटच्या दिवशी मी सांगायला गेलो, तर ते खण रिकामा करता करता म्हणाले, "चौदा दहाला निघाला, चौदा दहाला लागला. लॉगमध्ये आहे. सैल असता तर पलीकडे कसा गेला असता?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचंही कंत्राटच आहे ना?"

आता ते नव्या नोकरीसाठी हॅम्बर्गला एकटेच राहतात. परवा इथल्या एस-बान लोकलमध्ये वहिनी भेटल्या. "शुक्रवारी रात्री येतात, रविवारी दुपारी जातात. आले तरी बसत नाहीत हो."

लॅपटॉप कंपनीचा, तो इथेच राहिला. अडॅप्टर मी लावला तिथेच आहे. माझं कोपर आता त्याला लागतं, म्हणून मी खुर्ची वीतभर सरकवून बसतो.