अजिंठ्याला नेलेल्या दशम्या

हिंगोलीच्या शाळेतल्या आठ पोरींना जुनी गावं आणि लेणी दाखवायला न्यायचं ठरलं. सोबत एक मोठी बाई पाहिजे, म्हणून ड्रॉइंगमास्तर आमच्या पुसेगावात तीन घरं हिंडले. तिथल्या बायांना सासू सोडेना. मला सासू न्हाई, म्हणून मी.

शिवाय माझी भाची इंदू त्या आठांत होती. निघताना माझ्या धाकट्या भावानं, किसननं, म्हणजे तिच्या बापानं, मला बाजूला घेतलं.

“आक्का, मास्तर म्हनतात पोरीच्या हातात कला हाय. एक तरी चांगलं चित्र घरी येऊ दे. न्हाई आलं तर होळीपासून शाळा बंद.”

किसन बोलला की बोलला.

ज्या बायांना जायचं असेल त्यांनी ऐका. पुसेगावहून हिंगोली बैलगाडीनं. गाडीवानाला भाकरी दिली की तो भाड्यासाठी कुरकुर करत न्हाई. पुढं आगगाडी, आणि पूर्णेला ती बदलायची. दुसरी गाडी कधी येईल ते स्टेशनमास्तरला विचारू नका, त्याला राग येतो. मी चारदा विचारलं.

औरंगाबादेहून आधी दौलताबाद. किल्ल्यात एक अंधारी वाट आहे. वाटाड्या मशाल धरून शत्रू इथं कसा फसायचा ते सांगून राहिला. मी म्हटलं, इतक्या पायऱ्या चढल्यावर शत्रू भांडतो कशाला, बसतच असेल.

मग वेरूळ. अख्खं देऊळ डोंगरात वरून खाली खोदलंय म्हणे. आमच्या गवंड्याला ओटा सरळ बांधता येत न्हाई. पोरींनी तिथंच चित्रं काढून भराभरा कागद संपवले. मास्तरांनी प्रत्येकीला दोनच दिले होते. इंदूनं मात्र तिचे दोन्ही राखले. तिला रंगातला देव पाहून काढायचा होता आणि रंग अजिंठ्याला.

फर्दापूरपर्यंत मोटार. रस्ता असा, की खाल्लेलं पुन्हा भेटतं. लेण्यांपाशी पोचल्यावर इंदूनं माझ्याकडं दिलेले कागद मागितले. मी शिदोरी सोडली.

झालं असं, की निघताना फडकं पुरलं न्हाई. कागद जाड होते, स्वच्छ होते. लिहिलेले असते तर सरस्वती म्हणून मी पाया पडून बाजूला ठेवले असते. पण कोरे होते. मी त्यांत दशम्या बांधल्या, गूळ घातलेल्या, वर तुपाचा हात. एका कागदाचा पार लगदा झाला होता. दुसऱ्याच्या मधोमध वरच्या अंगाला तुपाचा गोल डाग, परातीएवढा न्हाई पण दशमीएवढा बराबर.

फर्दापुरात तंबाखू मिळतो, कागद न्हाई.

इंदू रडली असती तर मी खेकसले असते. ती नुसती म्हणाली, “आत्या, आता बाबाला काय सांगायचं?”

मी गावभर फटकळ म्हणून ठाऊक. पण तेव्हा पदरानं तो डागच पुसत बसले.

“तू काढ,” मी म्हटलं. “डाग माझा, चित्र तुझं.”

आत अंधार. पहारेकरी बाहेर उन्हात पांढरं कापड धरून उजेड आत टाकायचा. तेवढ्यानं भागेना, म्हणून मी घरून आणलेली पितळी परात राखेनं घासली आणि त्याच्या शेजारी उभी राहिले. ऊन सरकलं की मी सरकायची. हात आखडले. जरा खाजवलं तरी आत देव गडप.

“अम्मा, परात हिलाव नक्को,” पहारेकरी म्हणाला. “बच्ची आँखां बना रई.”

ऊन कललं तेव्हा मास्तर कागद पाहायला वाकले. इंदूनं देवाचं तोंड नेमकं डागाच्या मधात बसवलं होतं. डोक्यामागं पिवळसर उजेडाचं वलय.

“वलय कशानं केलंस गं?”

इंदू माझ्याकडं पाहायला लागली.

“तुपानं,” मी म्हटलं. “खाऊन बघा, चार उरल्यात.”

त्यांनी दोन खाल्ल्या.

घरी आल्यावर किसननं चित्र दारापाशी उजेडात नेलं. लई वेळ पाहिलं, हात जोडले आणि देवघराशेजारी खिळा ठोकला. शाळेचं काय, असं मी विचारलं तर म्हणाला, खिळा ठोकताना बोलू नको.

आता लोक विचारतात, सहलीतून काय आणलं. माझे खांदे अजून दुखतात, ते आणलं. तुम्ही गेलात तर कागद वेगळे बांधा आणि दशम्या जास्तीच्या करा.

होळी होऊन गेली. इंदू शाळेत जाते. मृग लागला तशा देवाच्या वलयाला मुंग्या लागल्या, गूळच तो. किसन रोज सकाळी मोरपीस घेऊन त्या एकेक झाडतो. मी म्हटलं, राख टाक, मरतील.

“मारू नको, आक्का,” तो म्हणाला. “इंदूचं चित्र बघायला आल्यात.”