ढगाआधी सहा मिनिटं

आमची मावशी वीजकेंद्रात ऑपरेटर आहे आणि तिला ढग डोळ्यांसमोर नकोत. लोक ढग बघून खूश होतात, ही दातओठ खाते. आधी मला तो तिचा तऱ्हेवाईकपणा वाटायचा. पण तिच्या केंद्रात वीज दोन वाटांनी येते: उन्हातून आणि हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेलमधून. ढग आला की ऊन क्षणात जातं, फ्युएल सेलला मात्र पुरता जोर धरायला सहा मिनिटं लागतात. म्हणजे तो ढगाच्या आधीच चालू करायला हवा. खरी मेख तिथेच आहे.

मागच्या महिन्यात तिने तो असाच चालू केला आणि ढग वाकड्या वाटेने निघून गेला. ढीगभर हायड्रोजन फुकट गेला. साहेबांनी बजावलं, पुन्हा चुकलात तर खुर्ची संगणकाला.

परवा तर परीक्षाच होती. भर दुपारी तासभर सगळं शहर मोठ्या लाइनवरून तोडून एकट्या या केंद्रावर चालवायचं! साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

विसाव्या मिनिटाला फोन खणखणला. पश्चिमेच्या टोकाला पॅनल पुसणारे काका मावशीला सावलीची खबर देतात, हा दोघांचा जुना शिरस्ता.

"बाई, टेकडी काळी पडली! सावली सरळ आपल्याकडेच येतेय."

"वारा?"

"माझी टोपी उडाली!"

"अहो, संगणकाचा पडदा बघा," साहेब म्हणाले. "लख्ख ऊन दाखवतोय. थांबा जरा."

"साहेब, पडद्याला टोपी नसते," असं म्हणून मावशीने बटण दाबलं.

एक मिनिट गेलं. चार गेली. ऊन तसंच! साहेबांनी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. आणि सहावं मिनिट भरता भरता उन्हाचा आकडा धाडकन कोसळला. पण फ्युएल सेल तयारच होता, त्याने सगळा भार अलगद उचलला. उरलेला अर्धा तास मावशी डोळ्यांत तेल घालून बसली.

तास संपल्याबरोबर तिचा घरी फोन आला. मी आईच्या शेजारीच होते.

"ताई, दिवे लुकलुकले का गं?"

"छे! पंखासुद्धा मंदावला नाही. मला वाटलं, तुमची चाचणी रद्द झाली."

पलीकडे मावशी इतक्या जोरात हसली की आईने फोन कानापासून लांब धरला. "साहेब," ती तिकडे ओरडत होती, "ताई म्हणते, चाचणी झालीच नाही!"