मोगापीची बोली, आत्याची फुलं

आमच्या लेराला गावात कुणालाही विचारा, सेस्वा कुणाच्या हातचा खावा. तो दुसऱ्याचं नाव घेईल तर माझी टोपी त्याची. लग्न असो नाहीतर मयत, बैल पाडला की पहिला निरोप माझ्या धाकट्या भावाला जातो, मोगापीला. मांस, पाणी, मीठ. चौथी वस्तू तो हंड्याजवळ फिरकू देत नाही. दिवस उजाडायच्या आत चूल पेटते, दुपारपर्यंत हंडा रटरटतो, आणि मग मोगापी लाकडी दांडका घेऊन मांस असं कुटतो की धागा न् धागा सुटा होतो. दात नसलेली म्हातारी माणसंसुद्धा दुसऱ्यांदा ताट पुढं करतात. पालाप्येच्या हॉटेलातले स्वयंपाकी येऊन बघून गेलेत. बघून काय होतंय? हात आमच्या घराण्याचा आहे.

मोगापी बोलायला कमी. तेवढं आमच्यात मी बोलतो. पण त्याच्या डोळ्यात एक खोडी कायम बसलेली असते, आणि ती बाहेर कधी उडी मारेल ते आईलासुद्धा कधी कळलं नाही.

एवढा मोठा स्वयंपाकी, पण त्याच्याकडे स्वतःचा हंडा नव्हता. तीन पायांचा तो मोठा लोखंडी हंडा, ज्यात अर्धा बैल मावतो, तसा गावात एकच, आणि तो डिखांगकडे. डिखांग म्हणजे आमच्या मामाचा मुलगा. आमच्यात मामेभावाला चेष्टेचा परवानाच असतो. तो तुमची टोपी पळवेल, तुमच्या बायकोला चारचौघांत ‘माझी बायको’ म्हणेल, आणि तुम्ही हसायचं. जो रागावला तो हरला. डिखांगनं हा परवाना असा वापरला की विचारू नका. हंडा मागायला गेलं की कधी म्हणायचा, गाणं म्हण. कधी म्हणायचा, बैलाचं डोकं माझ्या घरी पोचव आणि वाटेत माझी स्तुती गा. मोगापी गायचा. हसायचा. हंडा आणायचा.

मग माझ्या थोरलीचं, ओरातिलेचं, लग्न ठरलं. व्याही सेरोवेचे, मोठी माणसं. मोगापी हंड्यासाठी गेला तर डिखांग फाटकाला टेकून म्हणाला, “देतो ना! पण यंदा जरा गंमत करू. तुमच्या घराण्याचं देवक माकड. तर व्याही आले की त्यांच्यासमोर माकडासारख्या उड्या मारत माझ्या फाटकातून हंडा न्यायचा.”

“नि नाही मारल्या तर?”

“तर मांस चहाच्या किटलीत शिजव, माकडा!”

मोगापी घरी आला तेव्हा हसतच होता, पण मला त्याच्या कानाच्या पाळ्या लाल दिसल्या. माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या व्याह्यांसमोर, माझा भाऊ उड्या मारणार? मी म्हटलं, “लग्नाआधी आपला हंडा आला पाहिजे. पाताळातून आण.”

पाताळात जायची गरज पडली नाही. पालाप्येच्या रस्त्यावर एक लॉज होतं, ते बंद पडलं होतं. तिथल्या सामानाचा लिलाव निघाला, पण फोनवर. गोठा नाही, ओरडणारा माणूस नाही, फोनवरच नाव नोंदवायचं, थोडी अनामत भरायची आणि बोटानं बोली लावायची. यादीत फोटोसकट होतं: स्वयंपाकघरातले तीन पायांचे मोठे हंडे, तीन.

आता लिलाव म्हटला की मी आलोच. गुरांच्या लिलावात माझ्या हनुवटीला जेवढी किंमत आहे तेवढी काही लोकांच्या अख्ख्या कळपाला नसेल. मी हनुवटी हलवली की बोली लागते, खोकलो की समोरचा विचारात पडतो. मी मोगापीला पहिला धडा दिला, “जो बैल हवाय त्याच्याकडे बघायचंच नाही. दुसऱ्याच बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा.”

“फोनवर कुणाच्या पाठीवरून हात फिरवू, दादा?”

“ते तुझं तू बघ. धडा माझा, अंमल तुझा.”

अंमल त्यानं केला. सामान बघायचा एक दिवस ठेवलेला होता. बहुतेक लोक फोटो बघूनच बोली लावतात. मोगापी म्हणाला, “लोखंड डोळ्यानं कळत नाही,” आणि आम्ही दोघं पिकअप घेऊन गेलो. जाऊन बघतो तर डिखांग आधीच हजर! गावातले सगळे हंडे आपल्याच अंगणात असावेत ही त्याची हौस.

“काय रे माकडा, किटली बघायला आलास?”

“नाही रे मगरी, तुझ्यासाठी डबकं बघतोय.” डिखांगचं घराणं मगरीचं.

मोगापीनं खिशातून गोटा काढला आणि हंडे वाजवले. पहिला वाजला, दुसरा वाजला. तिसऱ्याचा आवाज ओल्या लाकडासारखा, बद्द. मोगापीनं तो पुन्हा वाजवला, त्याच्यावर हात ठेवला आणि असा सुस्कारा सोडला जसं काही बायको माहेरी निघालीय. डिखांग पलीकडून मान लांब करून बघत होता. मग मोगापी म्हणाला, “दादा, चल, जरा मोकळ्या हवेत जाऊ.”

लॉजच्या फाटकाजवळ लाल फुलं डवरली होती. मोगापी तिथं खाली बसला, बुटाची नाडी बांधायला. त्याच्या बुटाला नाडी नव्हतीच. मी वाकून बघतो तर ती फुलं ज्यात होती त्या कुंड्यांना पाय! तीन-तीन पाय! लॉजवाल्यांनी भलेमोठे हंडे फाटकाशी मांडून त्यात माती भरली होती, वर पांढरा रंग फासला होता. मोगापीनं गोटा हळूच टेकवला. आत माती, तरी लोखंडानं उत्तर दिलं. एक, दोन. दोन्ही निरोगी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, “दादा, दुसऱ्या बैलाकडे बघ.”

मी लगेच आकाशाकडे बघितलं.

यादीत त्या वेगळ्याच जागी होत्या, ‘बागेतल्या कुंड्या, फुलांसकट’. हंडे शोधणारा बागेच्या यादीत कशाला जाईल?

घरी आल्यावर मोगापीनं हिशोब उलटा केला. तो शेवटून सुरू करतो. म्हणाला, “जवळ आहे त्यातून आधी लिलाववाल्यांची दलाली काढायची, मग कर, मग पिकअपचं डिझेल. उरेल तो माझा शेवटचा शब्द.” मग त्यानं मांस कुटायचा दांडका माझ्या हातात दिला. “त्यापुढं माझं बोट गेलं तर हाण.”

आनंदानं घेतला. धाकट्याला हाणायची परवानगी रोज मिळत नाही.

नोंदवताना प्रत्येकानं एक नाव घ्यायचं असतं, ते सगळ्यांना दिसतं. आमच्या लोकांनी काय घ्यावं? घराण्याचं नाव! मोगापीनं घेतलं ‘खाबो’, म्हणजे माकड. डिखांगनं ‘क्वेना’, मगर. आता तोंड झाकून लिलावात उतरायचं नि टोपीवर नाव लिहून यायचं, हे आम्हालाच सुचावं.

लिलावाच्या दिवशी डिखांगनं सकाळीच स्वयंपाकघरातल्या हंड्यांवर बोली लावली. मोगापीनं आधीच फोनला आपला वरचा आकडा सांगून ठेवला होता. कुणी पुढं गेलं की फोन स्वतःच त्याच्यावर थोडं चढवायचा. मोगापी अंगणात आतडी धूत बसला. तिकडे डिखांगला वाटलं, हा समोर बसून उत्तरं देतोय! डिखांग चढला, फोन चढला. डिखांग पुन्हा चढला, फोन पुन्हा चढला. शेवटी त्याचा फोन आला. मोगापीचे हात भरलेले, म्हणून मी उचलला.

“ए माकडा, झाडावरून उतर!”

“मी थोरला बोलतोय. तो आतडी धुतोय.”

“खोटं! आत्ता माझ्यावर बोली लावली त्यानं!”

मोगापी तिथूनच ओरडला, “मगरी, पाण्यात जा, ऊन लागेल!”

त्यानं डिखांग पेटला. बोली लागायला लागल्या त्या रागानं. रागात माणूस हंडा विकत घेत नाही, समोरच्याचं तोंड विकत घेतो. मोगापीचा आकडा आला आणि फोन गप्प झाला. डिखांग त्याच्याही पुढं गेला आणि जिंकला. लगेच त्याची गाडी आमच्या फाटकासमोरून हॉर्न वाजवत गेली, परत आली, परत गेली. दलाली आणि कर वेगळा असतो हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या अटींत लिहिलेलं होतं, पण हॉर्न वाजवताना कोण वाचतं?

“आता कुंड्या,” मोगापी म्हणाला आणि हात पुसून फोन घेतला.

कुंड्यांवर दिवसभर कुणी फिरकलं नव्हतं. मोगापी अगदी शेवटापर्यंत थांबला आणि बोली लावली. मी दांडका खांद्यावर घेऊन उभा. तेवढ्यात दुसरी बोली आली. शेवटच्या घटकेला कुणी बोली लावली की घड्याळ पाच मिनिटं पुढं सरकतं, तसं सरकलं. मोगापीनं नाव बघितलं आणि त्याचं बोट हवेतच राहिलं.

“कोण आहे?” मी विचारलं.

“राखादी.”

राखादी म्हणजे आत्या. बापाची बहीण. आमच्यात आत्या बोलली की बाकीच्यांनी चहा प्यायचा. लग्नाचा दिवस ती ठरवते, भांडण ती मिटवते, आणि तिच्या शब्दावर शब्द चढवणारा अजून आमच्यात जन्मला नाही.

“मग? लाव ना! आकडा अजून लांब आहे!”

“दादा, राखादी आहे.”

“अरे, तुझी कुठंय? गाबोरोनची कुणी बागवाली असेल!”

“कुणाची तरी असेलच.”

“कुणाची तरी? देशात प्रत्येकाला आत्या असते! लाव बोली, नाहीतर हाणतो!”

“आकड्याच्या पुढं गेलो तर हाणायचं ठरलंय, मागं राहिलो तर नाही.”

मी दांडका उगारला, खाली घेतला. घड्याळ सरकत होतं. माझ्या डोळ्यासमोर मोगापी व्याह्यांपुढं उड्या मारत होता. मी म्हटलं, “मी लावतो, आण तो फोन!” त्यानं फोन बसायच्या स्टुलावर ठेवला आणि त्याच्यावर बसला. वेळ संपली. कुंड्या राखादीला गेल्या, आणि तेही फुकटात गेल्यासारख्या.

मी त्याला काय काय बोललो ते इथं सांगत नाही. तो एवढंच म्हणाला, “उड्यांचा सराव करायला हवा. कुठून सुरू करू, दादा, त्या बाभळीवरून?”

दुसऱ्या दिवशी आमची आत्या, म्हणजे आमची खरीखुरी आत्या, कुंपणापलीकडून ओरडली, “पिकअप कुणाकडे आहे? मी फुलं घेतलीत. लॉजवर जाऊन आणायची आहेत.”

मोगापीनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

“आत्या, कसली फुलं?” मी विचारलं.

“लाल. चर्चमधल्या बायकांनी दाखवलं फोनवर कसं करायचं ते. कुणी एक माकड मध्ये आलं होतं, पण शहाणं निघालं, एकाच बोलीत गप्प बसलं.”

आम्ही गेलो. आत्या पुढच्या सीटवर, डोक्याला नवा रुमाल. लॉजवर डिखांग पैसे भरायच्या खिडकीशी उभा होता आणि आतल्या माणसाला म्हणत होता, “हे वरचे कसले? हे कुणी मागितले?” तिसऱ्या हंड्याची चीर त्याला तिथंच सापडली. आत्या त्याच्याजवळून गेली आणि म्हणाली, “बाळा, हंड्यात काय शिजवणार? राग?”

घरी आणून कुंड्या उतरवल्या. आत्यानं जुने टायर मांडून ठेवले होते. फुलं मुळासकट, मातीसकट टायरात गेली. मोगापीनं रिकाम्या हंड्यावर गोटा मारला, आणि तो असा वाजला की कोंबड्या अंगणभर पळाल्या.

“बंद कर तो आवाज,” आत्या म्हणाली. “ते लोखंड मला नको. फुलांना टायर बरे. घेऊन जा.”

“आत्या, पैसे…” मोगापी म्हणाला.

“पैसे काय? ओरातिलेच्या लग्नात पहिलं ताट माझं. आणि माझ्या मयताला मांस ह्याच हंड्यात. डिखांगच्या चीर गेलेल्या हंड्यात शिजवलंत तर उठून बसेन, सांगून ठेवते.”

तिला आधीपासून माहीत होतं का? कुंपणाला कान असतात आणि आत्याला दोन जास्त. पण आजही विचारलं तर ती फुलांना पाणी घालत म्हणते, मला तर बाई लाल रंग आवडतो.

लग्नात माझ्या अंगणात दोन हंडे रटरटत होते, पांढरा रंग जळून काळे कुळकुळीत झालेले. सेरोवेच्या व्याह्यांनी तिसऱ्यांदा ताटं पुढं केली. मी प्रत्येकाला सांगितलं, लिलाव कसा जिंकायचा तो धडा माझा. मोगापीनं मान हलवली, तो मोठ्या मनाचा आहे.

डिखांग ताट घेऊन आला तेव्हा मोगापीनं दांडका आडवा धरला.

“मगरी, उभ्यानं नाही. पोटावर सरपटत ये.”

सूटबूट घातलेला डिखांग, समोर माझे व्याही. त्यानं एकदा मोगापीकडे बघितलं, एकदा हंड्याकडे. रागावला तो हरला, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यानं कोट काढून माझ्या हातात दिला, ताट दातात धरलं आणि धुळीत आडवा झाला.

मोगापीनं त्याच्या ताटात सगळ्यात मोठा वाटा वाढला.